खडीखालचं पाणी

या वाटेचा पहिला चरण चढाचा आहे. अ‍ॅबरफॉइल गावातून उत्तरेला वळलं की दोन-तीन वळणांत घरांची छपरं पायाखाली जातात. वनखात्याच्या केंद्रापर्यंत डांबर सोबत करतं, तिथं ते सोडायचं आणि जंगलात शिरणाऱ्या खडीवर चाक घालायचं. त्या क्षणी आवाज बदलतो. डांबरावर आपल्याला आपलाच श्वास ऐकू येत असतो. खडीवर तो मागे पडतो आणि चाकाखाली लाह्या फुटाव्यात तसा आवाज सुरू होतो. पुढचे ५०-५५ किलोमीटर हा आवाज कधी थांबेल, कधी बदलेल, कधी डांबराच्या तुकड्यावर विरून जाईल. कान त्याच्याकडे ठेवले तर ही वाट वाचता येते.

वाचता येते हे मी जाणूनबुजून म्हणतो. स्कॉटलंडमधला ट्रॉसॅक्सचा हा डोंगर-जंगल-सरोवरांचा मुलूख गेली दोनशे वर्षं वाचलाच जातो आहे, आणि तोही एका कवीच्या चष्म्यातून. मला वाटतं, खडीवरून जाणारी सायकल इथं दुसरं वाचन करू देते. ते पहिल्यापेक्षा खोल आहे. मी ही फेरी दोनदा केली, एकदा मे महिन्यात लख्ख उन्हात आणि एकदा सप्टेंबरच्या पावसात. दोन्ही वेळा जे हाती लागलं, ते इथं मांडतो.

वाट अशी : अ‍ॅबरफॉइलहून जंगलातून चढून लॉख ड्रंकी, तिथून उतरून लॉख अ‍ॅक्रे, मग लॉख कॅट्रिनचा सगळा उत्तर काठ, पश्चिमेच्या टोकाला वळसा घालून स्ट्रोनाक्लाखर, पुढे लॉख आर्कलेटच्या तोंडावरून लॉख कॉन, आणि शेवटी लॉख आर्डच्या दक्षिणेच्या जंगलातून पुन्हा अ‍ॅबरफॉइल. लॉख म्हणजे गेलिक भाषेत सरोवर. एका दिवसात सहा सरोवरं होतात.

इंग्रजीत ज्याला ग्रॅव्हल म्हणतात त्याला मी खडी म्हणतो आहे, त्याला कारण आहे. आपल्याकडे वाळू वेगळी, गोटे वेगळे, मुरूम वेगळा, कच वेगळी आणि खडी वेगळी. खडी म्हणजे फोडलेला दगड. तिला कडा असतात. नदीतला गोल गोटा चाकाखालून निसटतो. फोडलेल्या दगडाचे तुकडे मात्र एकमेकांच्या कडांत अडकतात आणि वरून जितकं वजन जाईल तितके घट्ट बसतात. जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश माणसानं रस्त्याचं शास्त्र उभं केलं ते याच साध्या निरीक्षणावर. १७५६ साली तो एअर गावी जन्मला आणि १८१६ साली ब्रिस्टल भागातल्या रस्त्यांचा प्रमुख झाला. खाली मोठाल्या दगडांचा पाया घालण्याची गरज नाही, असं तो म्हणे. जमीन कोरडी ठेवा, मध्ये किंचित उंचवटा द्या, बाजूला चर खणा आणि सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण १७० ग्रॅमपेक्षा, जड दगड वर येऊ देऊ नका. बाकीचं काम गाड्यांची चाकंच करतील. हे दगड फोडायला माणसं बसत. छोट्या हातोड्या घेऊन, बसल्या जागी, त्यात बायका आणि मुलंही असत. पुढे या खडीवर डांबर आलं तेव्हा इंग्रजीत डांबरी रस्त्याच्या नावातही मॅकॅडमच्या नावाचा अंश राहिला.

चाकाची गोष्टही याच देशातल्या माणसांची. हवेच्या टायरचं पेटंट १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसानं घेतलं होतं. ते विसरलं गेलं आणि १८८८ साली जॉन बॉइड डनलॉपनं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तोच शोध पुन्हा लावला. डनलॉप एअरशायरचा, बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर होता. म्हणजे फोडलेला दगड आणि कोंडलेली हवा, या दोन गोष्टींची भेट म्हणजे खडीवरची सायकल, आणि दोन्ही गोष्टींचं माहेर हेच. माझ्या सायकलीचे टायर ४२ मिलिमीटर रुंदीचे होते, ट्यूबलेस, आणि हवा मुद्दाम कमी ठेवलेली. कडक टायर दगडावरून उडतो. मऊ टायर दगडाला कवेत घेऊन पुढे जातो. त्या मऊपणातूनच रस्त्याचा पोत तळहातापर्यंत पोचतो.

चढावर हात आणि कान एकत्र काम करतात. नवी टाकलेली खडी सैल असते, तिच्यावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. तिथं उभं राहून पॅडल मारायचं नाही, बसून, वजन मागे ठेवून जायचं. बसलेली खडी कच धरते, तिच्यावर आवाज बारीक आणि सलग येतो. झाडांच्या सुया पडून कुजलेल्या जागी आवाज पार नाहीसा होतो आणि एकदम कळतं की पक्षी बोलताहेत. लाकडाचे ट्रक गेलेत तिथं दोन चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मध्ये गवताचा पट्टा. आपल्या भाषेत चाकोरी हा शब्द कंटाळ्याचा झाला आहे. इथं मी तो पुन्हा त्याच्या मूळ अर्थानं भोगला : चाकानं चाकासाठी केलेली जागा.

या चढावर भूगोल बदलतो. पश्चिमेच्या अ‍ॅरन बेटापासून पूर्वेच्या स्टोनहेवनपर्यंत स्कॉटलंडला तिरका छेदणारा मोठा भूस्तरभंग अ‍ॅबरफॉइलजवळून जातो. त्याच्या दक्षिणेला सखल प्रदेश, तांबडा वालुकाश्म, शेतं. उत्तरेला स्लेट, शिस्ट, डोंगर. गावाच्या डोक्यावर स्लेटची मोठी खाण होती. तिच्यातल्या दगडानं किती घरांची छपरं शाकारली गेली असतील! घाटातला रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माँट्रोजच्या ड्यूकनं करवला, म्हणून तो ड्यूकचा घाट. इथवर एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण तिचं महत्त्व कळलं नव्हतं : या मुलखातल्या बहुतेक वाटा कुणी सौंदर्य बघायला म्हणून केलेल्या नाहीत. दगडासाठी एक झाली, लाकडासाठी दुसरी, गुरांसाठी तिसरी.

लाकडाची वाट तर आपल्या चाकाखालीच असते. पहिल्या महायुद्धात खंदकांना आणि खाणींना टेकू लावायला ब्रिटनकडे पुरेसं लाकूड उरलं नव्हतं. त्या धसक्यातून १९१९ साली वनआयोग स्थापन झाला आणि उघड्या डोंगरांवर सिटका स्प्रूसची लागवड सुरू झाली. हे झाड उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं. त्याचं बी १८३१ साली डेव्हिड डग्लस या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं ब्रिटनमध्ये आणलं. चाळीसेक वर्षांत ते तोडणीला येतं. तोडायला यंत्रं न्यायची, ओंडके बाहेर काढायचे, तर खडीचे रस्ते हवेत. आज आपण ज्या वळणावर सायकल झोकून देतो त्या वळणाची त्रिज्या ओंडके लादलेल्या ट्रकच्या हिशेबानं ठरलेली असते. चढ एका बेतानं चढत जातो, तोही ट्रकसाठी. घाटाच्या डांबरी रस्त्यावर छाती फुटते आणि जंगलातल्या खडीवर दम पुरतो, तो याचमुळे.

रसग्रहणात दोषही सांगावा. ड्रंकीच्या अलीकडचा स्प्रूसचा पट्टा मला कच्चा वाटतो. एकाच वयाची झाडं, एका रांगेत, एका उंचीची, आतमध्ये अंधार आणि खाली काही उगवलेलं नाही : यमक जुळावं म्हणून जुळवलेल्या ओळींसारखी. मध्येच तोडणी झालेला उतार लागतो, राखाडी बुंध्यांचा आणि फांद्यांच्या ढिगांचा. पहिल्यांदा पाहणारा दचकतो. पण तो उतार ओलांडताना मला दूरवर लॉख व्हेनाचारची पट्टी दिसली, ती झाडं उभी असती तर दिसली नसती. ड्रंकीचं पाणी छोटं, काळसर, झाडांत लपलेलं. काठाला बर्च वाढले आहेत. स्प्रूसच्या अंधारानंतर बर्चचा पांढरा बुंधा आला की ओळ मोकळी होते. तिथं मी दोन्ही वेळा बराच वेळ थांबलो.

मग उतार. उतारावर खडी वाचणं म्हणजे दहा-पंधरा मीटर पुढचं वाचणं. चाकाखालची ओळ वाचायला वेळ नसतो. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. हात सैल. आणि अ‍ॅक्रेच्या काठाला, ओकच्या जंगलात, खडी संपते.

इथून कवीचा प्रदेश. सर वॉल्टर स्कॉटचं 'द लेडी ऑफ द लेक' हे कथाकाव्य १८१० साली आलं आणि काही महिन्यांतच त्याच्या हजारो प्रती खपल्या. लोक पुस्तक हातात घेऊन इकडे येऊ लागले. कुठं शिकारी थांबला, कुठल्या बेटावर काव्याची नायिका एलन राहत होती, ते शोधू लागले. कॅट्रिनमधल्या बेटाला आज तिचंच नाव आहे. या काव्यातल्या एलनच्या प्रार्थनेला शुबर्टनं १८२५ साली चाल लावली, तीच पुढे 'आवे मारिया' म्हणून जगभर गायली गेली. काव्याच्या पहिल्या सर्गात हरणामागचा पाठलाग आहे. बाकीचे स्वार एकेक करून मागे पडतात, एकटा स्वार पुढे राहतो आणि ट्रॉसॅक्सच्या तोंडाशी त्याचा करडा घोडा दमून मरतो. पुढचा प्रवास तो पायी करतो. मला या सर्गाचं कौतुक आहे ते त्याच्या नेमकेपणासाठी. स्कॉटनं नंतर लिहून ठेवलंय की काव्यातला राजा व्हेनाचारच्या काठावरून स्टर्लिंगच्या किल्ल्यापर्यंत तेवढ्या वेळात खरंच पोचेल का, हे बघायला तो स्वतः तिथं गेला आणि पोचता येतं अशी खात्री करून घेतली. अंतर अंगावर घेतल्याशिवाय ओळ लिहायची नाही, हा बाणा सायकलस्वाराला कळतो.

हे काव्य येण्याच्या सात वर्षं आधी, १८०३ साली, वर्ड्‌स्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी याच काठांनी चालत गेले होते. डोरोथीच्या रोजनिशीतलं कॅट्रिन स्कॉटच्या कॅट्रिनपेक्षा मला जवळचं वाटतं. तिला भिजलेले कपडे, लोकांच्या झोपड्या, चुलीचा धूर दिसतो. असो.

कॅट्रिनचा उत्तर काठ सुमारे २१ किलोमीटरचा आहे आणि तो डांबरी आहे. खासगी मोटारींना तिथं बंदी. फक्त चालणारे, सायकलवाले आणि काठावरच्या मोजक्या घरांच्या गाड्या. प्रवासी त्याच्यावर खूश असतात आणि छायाचित्रं इथलीच निघतात : समोर ७२९ मीटरचा बेन व्हेन्यू, खाली पाणी, मध्ये बोटीचा धूर. मला हा भाग या वाटेतला सर्वांत सुंदर आणि सर्वांत कमी बोलणारा वाटतो. सगळं समोर मांडून ठेवलेलं आहे. डांबर गुळगुळीत असल्यानं हातांना काम नाही, म्हणून डोळे सगळं घेतात. त्यात पश्चिमेकडे जाताना बहुधा वारा तोंडावर असतो. त्यासाठी बरेचजण ही फेरी उलट्या दिशेनं करतात. तसं करू नये असं माझं मत आहे. कारण पुढे येईल.

दोन जागा मात्र थांबण्याच्या. पोर्टनेलन इथं मॅकग्रेगर कुळाचं छोटं कब्रस्तान आहे, दगडी भिंतीत बंदिस्त, पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या तुकड्यावर. आणि सरोवराच्या टोकाशी ग्लेनगाइल, जिथं १६७१ साली रॉब रॉय मॅकग्रेगर जन्मला. गुरांचा व्यापारी, मग बंडखोर, मग दंतकथा. गुरं हाकत नेण्याच्या वाटा त्याला पाठ होत्या. काठावर एक बारकी गोष्ट पाहा : बर्च आणि ओकची कोवळी झाडं पाण्याच्या कडेनं वर चढताहेत. सरोवराभोवतीच्या डोंगरांवरून मेंढ्या काढून टाकल्या आणि जंगल आपणहून परत येऊ लागलं. मेंढ्या काढल्या त्या पाणी स्वच्छ राहावं म्हणून. कुणाच्या पिण्याचं पाणी?

उत्तर स्ट्रोनाक्लाखरला आहे. गेलिकमध्ये या नावाचा अर्थ गवंड्याचं नाक, म्हणजे पाण्यात शिरलेलं गवंड्याचं टोक. सरोवरावरची वाफेची बोट स्कॉटच्या नावाची आहे. ती डम्बार्टनला बांधली, सुटी केली, लॉख लोमंडवरून पडावातून इन्व्हरस्नेडला आणली आणि तिथून घोडागाड्यांवर चढ चढवून स्ट्रोनाक्लाखरला जोडली. १९०० सालापासून ती चालते आहे. या धक्क्यावर बसून मी सूप प्यालो आणि नकाशा उघडला. इथून दक्षिणेला कॉनकडे जाणाऱ्या जुन्या वाटेचं नाव आहे स्टॅच्युट लेबर रोड. सतराव्या शतकातल्या कायद्यानं स्कॉटलंडमधल्या गावकऱ्यांना वर्षातले सहा दिवस रस्त्यावर राबावं लागे, मजुरीशिवाय. आपल्याकडे याला वेठ म्हणत. नाव वाचलं आणि सकाळपासूनचं सगळं एका जागी आलं. हातोडीनं दगड फोडणाऱ्या बायका, खाणीतले स्लेट काढणारे, ओंडक्यांचे ट्रक, गुरं हाकणारे, वेठीचे गावकरी, घोडागाड्या. स्कॉटच्या काव्यात राजा आहे, सरदार आहे, एलन आहे, हरीण आहे. रस्ता करणारा माणूस नाही. खडीवर तो प्रत्येक मीटरला आहे.

आणि आता या वाटेतली सर्वांत मोठी ओळ, जी दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ग्लासगो हे गिरण्या-कारखान्यांचं खच्चून भरलेलं शहर होतं. पाणी क्लाइड नदीचं आणि विहिरींचं. १८३२, १८४८-४९ आणि १८५३-५४ अशा तीन वेळा कॉलरा आला आणि हजारो माणसं गेली. शहरानं मग ५० किलोमीटरहून दूर असलेल्या या सरोवराकडे बोट दाखवलं. जॉन फ्रेडरिक बेटमन या अभियंत्यानं योजना आखली. योगायोग असा की बेटमनचा जन्म १८१० सालचा, म्हणजे तो आणि 'लेडी ऑफ द लेक' एकाच वर्षाची. सरोवराची पातळी बांध घालून वाढवली, दक्षिणेच्या डोंगरातून बोगदा खणला आणि तिथून ग्लासगोजवळच्या मलगायपर्यंत सुमारे ४२ किलोमीटर पाणी नेलं : बोगद्यांतून, झाकलेल्या कालव्यांतून, दऱ्यांवरच्या पुलांवरून. कुठंही पंप नाही. उतार दिला आहे मैलाला १० इंच. म्हणजे किलोमीटरमागे वीतभराहूनही कमी उतरत हे पाणी आपल्या पायांनी चालत शहरात जातं. १४ ऑक्टोबर १८५९ रोजी राणी व्हिक्टोरियानं कॅट्रिनच्या काठी त्याचं उद्घाटन केलं. पुढे १८६६ साली कॉलऱ्याची साथ पुन्हा आली, तेव्हा ग्लासगोत फारच थोडी माणसं दगावली.

मैलाला दहा इंच! सकाळपासून मी चढ-उतार मोजत होतो, गिअर बदलत होतो, आणि या माणसानं मापपट्टीनं डोंगरातून अशी रेघ ओढली होती की डोळ्यांना ती सपाटच वाटावी. या सगळ्या मुलखात इतका संयत उतार दुसरा नाही. संगीतात मींड घेताना एका स्वरातून दुसऱ्यात कधी गेलो हे कळू नये, तसा तो आहे.

हा कालवा बघायचा तर लॉख आर्डच्या दक्षिणेच्या जंगलात थोडा जास्तीचा फेरा घ्यावा लागतो. डांबर पुन्हा सुटतं, खडी पुन्हा सुरू होते. इथली खडी जुनी, बसलेली, कडेला नेचे आणि शेवाळ. एका वळणावर झाडांत दगडी घुमटी दिसते, मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याच्या टोपलीसारखी. मग थोड्या अंतरावर दुसरी. पहिल्यांदा मी त्यांना देवळं समजलो. ते बोगद्याचे हवेचे झरोके आहेत. मी सायकल आडवी टाकली आणि जवळ जाऊन उभा राहिलो. दिवसभर मी ज्या पाण्याच्या बाजूनं आलो होतो तेच पाणी आता खडीखालून, दगडाखालून, माझ्या पायांखालून शहराकडे चाललं होतं.

आपल्या काव्यशास्त्रानं शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या : अभिधा, लक्षणा, व्यंजना. शब्दाचा सरळ अर्थ, त्याच्यावरून सरकलेला अर्थ, आणि तिसरा, कुठल्याच शब्दात नसलेला पण सगळ्या शब्दांमधून उमटणारा. आनंदवर्धनानं त्या तिसऱ्याला काव्याचा आत्मा म्हटलं. कॅट्रिनचा काठ ही या वाटेची अभिधा. झाडं, दगड, गावांची नावं यांत लक्षणा भेटते. आणि लॉख आर्डच्या जंगलातल्या त्या घुमट्यांपाशी व्यंजना आहे : न दिसणारं, अजिबात आवाज न करणारं, चाललेलं पाणी. उलट्या दिशेनं फेरी केली तर हे पहिल्या तासाभरातच येऊन जातं, तेव्हा त्याचा अर्थ लागत नाही. सहावं सरोवर ओलांडून, पाय जड झाल्यावर ते भेटायला हवं. वारा तोंडावर घेण्याची किंमत त्यासाठी द्यावी.

सप्टेंबरमध्ये मी गेलो तेव्हा सकाळपासून पाऊस होता. कॅट्रिनच्या भागात वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळपास, फक्त तो बारा महिन्यांत वाटलेला. बेन व्हेन्यू दिसलाच नाही. स्कॉटची पानं पुसली गेली होती. पण खडी जागची हलली नव्हती. बाजूचे चर भरून वाहत होते, मध्यातून पाणी सरकत होतं आणि चाकाखालची ओळ स्वच्छ लागत होती. मॅकॅडमचा सगळा ग्रंथ मला त्या पावसात समजला.

मुंबईकर वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. ग्लासगोनं कॅट्रिनचं पाणी आणलं त्याच सुमारास, १८५६ ते १८६० या काळात, मुंबईसाठी विहार तलाव बांधला गेला. शहराला नळानं पाणी देणारा तो पहिला तलाव. त्यापूर्वी मुंबई विहिरींवर आणि टाक्यांवर जगत होती. मग १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा. शहराच्या पोटात आज जे जंगल उरलं आहे, त्यातलं बरंचसं उरलं ते या तलावांचं पाणलोट क्षेत्र राखायचं होतं म्हणून. बोरिवलीच्या उद्यानात सकाळी सायकल घेऊन जाणारे शेकडो लोक ज्या सावलीतून जातात तिचं मूळ एका तहानलेल्या शहराच्या हिशेबात आहे. कॅट्रिनच्या काठच्या बर्चचंही तेच.

अ‍ॅबरफॉइलला उतरताना शेवटचे दोन किलोमीटर खडी हळूहळू बारीक होत जाते आणि गावाच्या पुलापाशी संपते. खालून फोर्थ वाहत असते, अजून ओढ्याएवढी. मी ग्लासगोला भाचीकडे परतलो, तर तिनं दार उघडताच चहा ठेवला. या शहराचं पाणी फार मऊ आहे, साबणाला भरपूर फेस येतो आणि चहाचा रंग खुलतो, हे ती मला पहिल्या दिवसापासून सांगत होती. त्या संध्याकाळी मी तिला कारण सांगू शकलो.

जायचं असेल तर मे महिन्यात जा. ओकच्या जंगलात ब्लूबेलची निळाई असते, दिवस मोठा असतो आणि घुंगुरट्यांचे थवे अजून उठलेले नसतात. जून ते ऑगस्टच्या संध्याकाळी ते पाण्याकाठी उभं राहू देत नाहीत. स्कॉटलंडमध्ये २००३ सालच्या कायद्यानं जबाबदारीनं वागणाऱ्या कुणालाही बहुतेक जमिनीवर चालण्याचा आणि सायकल नेण्याचा हक्क दिला आहे; तोडणी चालू असल्याची पाटी दिसली की मात्र मुकाट्यानं दुसरी वाट धरा. टायर ४० मिलिमीटरपेक्षा बारीक नको. अ‍ॅबरफॉइलहून उत्तरेला निघा, दक्षिणेकडून परत या. घुमटीपाशी पाच मिनिटं सायकल आडवी टाकून थांबा. आणि ग्लासगोत पोचलात की नळ सोडून पेलाभर पाणी प्या. ते तुमच्याआधी त्याच वाटेनं आलेलं असतं.